हातचे आठ

मार्चच्या एका रविवारी सुन्निवाने
माझ्या स्वयंपाकघरात, माझ्याच वीजबिलाच्या पाठीवर
तीन आकडे लिहिले.
पोहणं, एक तास दहा.
सायकल, साडेपाच तास.
धावणं, तीन पन्नास.
खाली रेघ. रेघेखाली साडेदहा,
आणि त्याभोवती गोल, इतका दाबून
की पेन्सिलीचं टोक मोडलं.

साडेदहाच्या आत येणाऱ्या बायका
तिच्या वयोगटात दोन, फार तर तीन.
पात्रतेच्या जागा दोन.
आणि हिने आजवर याच्या निम्मं अंतरसुद्धा
एका दिवसात कापलेलं नाही.

मी म्हणालो, पहिल्या खेपेला लोक
नुसतं पोचायचं ठरवतात.
अंथरूण पाहून पाय पसरावेत.
ती म्हणाली, फोल्के,
मी अंथरूणच विणायला बसलेय.

सुन्निवा काल्मारमध्ये चष्म्याची भिंगं घासते.
पाव नंबरासाठी गिऱ्हाइकाला परत खुर्चीत बसवते.
‘बहुतेक दिसतंय’ हे उत्तर तिला चालत नाही.
म्हणून मीही चष्मा चढवून बेरीज तपासली.
एकतीस वर्षं पुलाच्या डागडुजीत घालवलेला माणूस
दुसऱ्याच्या बेरजेवर एकदम पाय टाकत नाही.
बेरीज बरोबर होती.
विचारलं, पाण्यातून निघाल्यावर
अंगावरचा ओला रबरी सूट सोलायचा,
हेल्मेट, बूट, पुढे पुन्हा दुसरे बूट,
ती मिनिटं कुठेयत?

सुन्निवा बघत राहिली,
शाळेत हातचा धरायला विसरलेल्या पोरीसारखी.
आठ, ती म्हणाली. आठ मिनिटं.

मग आम्ही ती शोधत हिंडलो.
जूनमध्ये पाण्यात शोधली, तेरा अंशांत.
मी वल्ही मारत होतो, ती हात मारत होती,
मधून जेलीफिश निवांत जात होते,
त्यांना कुठेच पात्र व्हायचं नव्हतं.
पुलावर शोधली. सहा किलोमीटर,
एक लांब चढ, आणि वारा.
त्याला मी नावानिशी ओळखतो.
माझी तीन हेल्मेटं त्याच्याकडे आहेत.
पलीकडे बेटावर चुनखडीचं सपाट माळरान,
लाकडी पवनचक्क्या, मेंढ्या,
तिथे तर तो अजूनच कंजूष.

शेवटी तिने धावण्याचे पन्नास खोडले,
बेचाळीस लिहिले.
म्हणजे मिनिटं सापडली नव्हती.
उसनी घेतली होती
सगळ्यात दमलेल्या सुन्निवाकडून,
जी अजून आलेलीच नव्हती
आणि जिला कुणी विचारलं नव्हतं.

मी जन्मभर हातचं राखून जगलो.
एक माणूस तोलायचा तर दोर पाचांचा,
कडी दहांची.
माझ्या पाळीत कुणी पडलं नाही, हे थोडं नव्हे.
पण रात्री ते बिल बघताना वाटलं,
एवढं सगळं राखून ठेवलेलं
आता नेमकं कुठे आहे?
बायको गेल्यापासून घरात दोर तेवढे आहेत.

ऑगस्ट. चौतिसावा किलोमीटर.
जुन्या गावातल्या फरसबंद गल्लीत
लोक पातेली बडवत होते.
सुन्निवा चालत आली. चालत.
गालांवर मिठाच्या रेघा,
एका बुटाची लेस सुटलेली.
बोलली नाही, भुवया फक्त वर केल्या.
तारेवरून पक्षी उडावा इतकंच.

बिल माझ्या खिशात होतं, घड्याळ मनगटावर,
बेरीज तोंडपाठ.
मी दोन्ही हात वर केले,
अंगठे दुमडून.

आठ.
उरलेले किलोमीटर आठ, हे तर खरंच.
हातात उरलेली मिनिटं आठ,
की हातातून गेलेली,
हे तिने माझ्या बोटांवरून काय वाचलं
मी अजून विचारलेलं नाही.
तिने एक सणसणीत शिवी दिली,
वाकून लेस बांधली
आणि पळत सुटली.

शेजारची बाई पातेलं थांबवून म्हणाली,
आठ काय हो?
माझे हात अजून वरच होते.
हातचे, मी म्हणालो.